सुईखालची ऊब आणि कपाटातल्या टेपा

मागच्या दिवाळीनंतर एक गृहस्थ साडीच्या दुकानाच्या पिशवीत सात स्पूल, म्हणजे टेपेची रिळं, घेऊन माझ्याकडे आले. नोकरीतून मोकळा झाल्यापासून मी लोकांच्या घरच्या मैफिलींच्या टेपा डिजिटल करून देतो. पोटापाण्यासाठी नाही, त्या वाचाव्यात म्हणून. या गृहस्थांच्या वडिलांनी १९७० च्या दशकात वाड्यातल्या बैठकी स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतल्या होत्या. त्यांतल्या दोन टेपा या गृहस्थांनी आधीच एका स्टुडिओतून डिजिटल करून घेतल्या होत्या. तो पेनड्राइव्ह माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "ऐका तुम्हीच. डिजिटलनं आवाजातला सगळा जीव काढून घेतलाय."

मी ऐकलं. त्यांची तक्रार खरी होती. खरखर गेली होती, पण तिच्याबरोबर तानपुरेही गेले होते. विलंबित म्हणजे संथ लयीतल्या ख्यालात गवई स्वर सोडून श्वास घेतो तेव्हा मागे षड्ज-पंचम भरून राहिलेला असतो. इथे त्या जागी नुसती पोकळी होती, आणि गवयाचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता.

मग मूळ स्पूल लावली. तानपुरे जागच्या जागी होते, अगदी जवारीसकट, म्हणजे तारांच्या त्या भरीव झणकारासकट. काय झालं असावं ते तेव्हा लक्षात आलं. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी कचऱ्याचा नमुना दाखवावा लागतो. त्यासाठी गाणं सुरू होण्याआधीचे दोन-तीन सेकंद निवडायची पद्धत आहे, कारण तिथे शांतता असते असं गृहीत धरलेलं असतं. आपल्या मैफिलीत गाण्याआधी शांतता नसते, तानपुरा असतो. स्टुडिओतल्या माणसानं तोच तुकडा नमुना म्हणून दिला असणार. यंत्रानं सांगितलं तेच केलं. टेपभर जिथे जिथे तसा सूर सापडला, तिथून तो पुसून टाकला.

अशा प्रत्येक चुकीचं खापर शेवटी 'डिजिटल' या एका शब्दावर फुटतं. अ‍ॅनलॉग (आवाजाची लाट जशीच्या तशी खोबणीत किंवा टेपेवर उतरवणं) चांगलं की डिजिटल (तीच लाट आकड्यांत मोजून ठेवणं), हा वाद मी पंचवीस-तीस वर्षं ऐकतो आहे आणि आता तो मला निरुपद्रवी वाटत नाही. त्या वादातून तयार झालेल्या अविश्वासामुळे ज्या टेपा आज तातडीनं उतरवून घ्यायला हव्यात त्या कपाटात सडत आहेत. "मूळ टेपेत जे आहे ते त्या कॉम्प्युटरात कुठलं यायला?" असं म्हणून लोक त्या तशाच ठेवतात. तोवर दर पावसाळ्यात टेपेवर बुरशीचा एक थर चढतो.

माझ्या घरी दोनशेच्या वर एलपी, म्हणजे जुन्या मोठ्या तबकड्या, आहेत आणि मी त्या प्रेमानं ऐकतो. सुई खोबणीत उतरते तेव्हा जे वाटतं ते मलाही वाटतं. ते वाटणं खरं आहे. त्याचं जे कारण सांगितलं जातं ते मात्र चुकीचं आहे.

सगळ्यांत पक्की समजूत ही, की डिजिटल म्हणजे आवाजाचे तुकडे आणि दोन तुकड्यांच्या मधलं गाळून टाकलेलं. म्हणजे मिंड, एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, घेतली तर तिच्या पायऱ्या झाल्या. कागदावर काढलेल्या चित्रात तसं दिसतंही. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं मोजमाप घेतलेलं असतं आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेलं असतं. पण यातली गंमत ठिपक्यांच्या रांगोळीसारखी आहे. ठिपके ठरलेले आहेत आणि रेषा किती झपकन वळू शकते याची मर्यादाही ठरलेली आहे, तर त्या सगळ्या ठिपक्यांतून जाणारी रेषा एकच निघते. दुसरी काढताच येत नाही. क्लॉड शॅनननं १९४९ साली हे गणितानं मांडलं आणि डिजिटल ध्वनी त्यावरच उभा आहे. माणसाचा कान तरुणपणी फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि त्यासाठी ४४,१०० ठिपके पुरून उरतात. यंत्रातून स्पीकरकडे जातो तो सलग प्रवाह असतो, त्यात पायरी नसते. मिंडेतला एक कणही गळत नाही. गोंगाटाचं म्हणाल तर सीडीचा स्वतःचा गोंगाट सर्वांत मोठ्या आवाजाच्या साधारण ९६ डेसिबल खाली असतो. चांगल्या एलपीत हेच अंतर ६०-७० च्या घरात असतं आणि घरगुती टेपेवर त्याहूनही कमी.

गणितावर विश्वास नसेल तर कानांवर ठेवावा, पण कानांना कळू न देता. कारण कान एकटे कधीच ऐकत नाहीत. अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी नावाची एक कंपनी आहे. मूळ मास्टर टेपवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी ती रसिकांत नावाजलेली. अस्सल अ‍ॅनलॉग कसं असतं हे दाखवायला लोक तिच्या तबकड्या पुढे करत. जुलै २०२२ मध्ये फिनिक्समधल्या एका रेकॉर्ड-दुकानदारानं शंका काढली की यात मध्ये कुठेतरी डिजिटल पायरी आहे. कंपनीनं त्याला कॅलिफोर्नियातल्या आपल्या जागी बोलावलं आणि तिथल्या इंजिनिअरांनी कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं की होय, बऱ्याच वर्षांपासून आम्ही टेप आधी डिजिटलमध्ये उतरवतो आणि त्यावरून एलपी कापतो. मोठा गहजब झाला, ग्राहकांनी दावे लावले, कंपनीला भरपाई कबूल करावी लागली. फसवणुकीबद्दलचा तो राग रास्तच होता. पण आवाजापुरतं पाहिलं तर आयुष्यभर हेच ऐकण्यात घालवलेल्या, लाखोंची यंत्रं घरात असलेल्या माणसांनी त्या तबकड्या वर्षानुवर्षं ऐकल्या, त्यांतल्या अ‍ॅनलॉग उबेची वर्णनं लिहिली, आणि कुणालाही ऐकून खात्रीनं सांगता आलं नाही. ज्यानं शोधलं त्यानंही ते कानानं शोधलं नव्हतं.

१९८० नंतरच्या कितीतरी 'शुद्ध' एलपी कापतानाही यंत्रात एक डिजिटल वळसा असे. पुढे किती मोठा आवाज येणार आहे हे आधी कळावं आणि खोबणीतलं अंतर त्याप्रमाणे ठेवता यावं, एवढ्यासाठी. हे त्या धंद्यातल्या लोकांना माहीत होतं, ऐकणाऱ्यांना नव्हतं.

२००७ साली अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान यांचा एक प्रयोग छापून आला. सीडीहून उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण थेट ऐकवायचं आणि तेच सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवायचं. कोणतं कोणतं ते सांगायचं नाही. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही एवढीच आली असती. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी असे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपास निघालं, आणि ज्यांना आधी सराव दिला होता त्यांचं त्याहून जास्त. म्हणजे फरक अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. पण जो फरक निवांत बसून, कान टवकारून, सराव करून जेमतेम पकडता येतो, त्याच्या जोरावर 'यात जीव आहे आणि त्यात नाही' असा निवाडा देता येत नाही.

मग ती ऊब कुठून येते? बरीचशी तबकडीच्या आणि टेपेच्या दोषांतूनच. टेपेवर आवाज थोडा जास्त चढला की ती तो कापत नाही, गोलसर करते आणि त्यात मूळ स्वराचे आणखी उपस्वर मिसळते. तबकडीवरचे खालचे सूर मुद्दाम दाबून कापलेले असतात आणि वाजवताना उचलून दिलेले असतात. वरच्या स्वरांची धार थोडी बोथट होते. सुईची बारीक सळसळ सतत मागे राहते, ती खोलीत कुणीतरी बसल्यासारखी वाटते. कानाला हे सगळं गोड लागतं, आणि आवडलं तर त्यात चूक काही नाही. पण ही ऊब गवयाच्या गळ्यातली नव्हे, हे मनाशी स्पष्ट असलं पाहिजे. तीच एलपी नीट डिजिटल करून ऐकली तर ऊबही तशीच्या तशी फाइलमध्ये येते. पिशवीवाल्या त्या गृहस्थांना मी पाठ करून बसवलं, दोन्ही आवाज काळजीपूर्वक सारख्या पातळीवर आणले आणि एकदा स्पूल, एकदा मी स्वतः उतरवलेली फाइल अशी आलटून पालटून ऐकवली. पातळी सारखी करणं फार महत्त्वाचं असतं. जरासा मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, जास्त चांगला वाटतो. चार-पाच वेळा ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "मला दोन्ही टेपच वाटतायत."

दुसरा मोठा भाग ऐकण्याच्या रीतीचा. एलपी लावायची तर उठावं लागतं. वेष्टनातून काढायची, कडेनं धरायची, पुसायची, सुई टेकवायची आणि वीस-बावीस मिनिटं जागेवरून हलायचं नाही. तेच गाणं फोनवर लागतं तेव्हा आपण भाजी निवडत असतो किंवा लोकलमध्ये उभे असतो. पहिलं आपण ऐकतो, दुसरं आपल्या कानावर पडतं. हा फरक आपल्यातला आहे. तबकडीनं आपल्याला बसवलं याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

आणि आता एलपीबद्दल एक गोष्ट, जी आपल्या संगीताच्या श्रोत्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे. तबकडी एकसारख्या वेगानं फिरते, मिनिटाला ३३ आणि एकतृतीयांश फेरे. पण कडेचा फेरा मोठा आणि मधल्या लेबलाजवळचा लहान. त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खोबण जाते, तर आत येता येता तीच २०-२१ वर येते. तेवढ्याच वेळेचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला, म्हणून आतल्या खोबणीत आवाज फाटतो, विशेषतः वरचा. आपल्या ख्यालाची मांडणी कशी असते? आधी संथ विलंबित, शेवटी वेगवान द्रुत. म्हणजे शांत आलापी तबकडीच्या उत्तम जागेत आणि तार सप्तकातल्या दाणेदार ताना नेमक्या सगळ्यांत वाईट जागेत. जुन्या एलपीवर "बुवांचा आवाज द्रुतात चिरकतो" असं मी जाणत्यांच्या तोंडून ऐकलं आहे. बुवांचा गळा चिरकत नव्हता. त्याच मैफिलीच्या मास्टर टेपवरून काळजीनं काढलेली डिजिटल प्रत ऐकली तर त्या ताना सुट्या सुट्या ऐकू येतात.

तानपुऱ्याचंही असंच. सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या पेट्या अ‍ॅनलॉग सर्किटवरच चालत. त्यांचा तो कोरडा टणत्कार ज्यांनी रियाजाला लावला आहे त्यांना आठवत असेल. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यानं जी जवारी खुलते, जे उपस्वरांचं झुंबर लागतं, त्याचा त्या पेटीत मागमूस नव्हता. आज फोनवर मिळणारा तानपुरा पूर्ण डिजिटल आहे आणि तो त्या पेटीच्या कितीतरी पुढचा आहे, कारण तो खऱ्या तानपुऱ्याच्या मुद्रित स्वरांवर उभा आहे. तरी त्यात काही कमी पडतंच. मागे बसलेल्या विद्यार्थ्याचं बोट प्रत्येक वेळी तारेवर किंचित वेगळं पडतं, गुरू रंगात आले की त्याची छेड नकळत बदलते. फोनला ते ठाऊक नसतं.

डिजिटलच्या नावावर जमा व्हावेत असे दोष मग कोणते? ते आहेत, आणि गंभीर आहेत. फाइल लहान करण्यासाठी आवाज छाटला जातो तेव्हा पहिला बळी टाळांचा जातो. सुरुवातीच्या काळातल्या एमपी-थ्रीवर एखादा अभंग ऐकून पाहा. टाळ वाजत नाहीत, फसफसतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेल्या मैफिलींचं दर फेरीला आणखी नुकसान होतं. जुन्या मुद्रणांच्या पुनर्प्रकाशनात आवाजाची पातळी सपाट चढवण्याची खोड आहे. मंद्रातली कुजबुज आणि तारातली हाक एकाच उंचीची झाली की ख्यालाचा कणाच मोडतो. वर घुमारा चढवतात, जणू गवई विहिरीत बसला आहे. आणि वेगाचा घोळ तर विचारू नका. ७८ फेऱ्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या तबकड्या प्रत्यक्षात त्याहून कमी-जास्त वेगानं मुद्रित झालेल्या असत. त्या कशाही वेगानं लावून इंटरनेटवर चढवल्या की पेटीच्या काळी दोनच्या सुरात गाणारा गवई पांढरी चारच्या सुरात गाऊ लागतो, आणि नव्या पिढीला तोच त्याचा खरा आवाज वाटतो. हे सगळं माणसांच्या घाईनं आणि अज्ञानानं होतं. म्हणूनच ते सुधारता येतं.

अ‍ॅनलॉगची एक थोरवी मात्र मी मानतो, आणि तिचा ध्वनीच्या गोडव्याशी संबंध नाही. १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानांवर सोनेरी मुलाम्याची तांब्याची तबकडी बसवून अंतराळात पाठवली. तीत गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. दुसरं यान सुटलं त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्या तबकडीत आवाज खोबणीतच कोरलेला आहे. कधी कुणाला ती सापडली तर सोबतची सुई टेकवून आणि आवरणावर काढलेल्या आकृतीप्रमाणे फिरवून स्वर ऐकू येतील. ते ऐकायला कुठली फाइल उघडावी लागत नाही, कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. खोबणीत आवाजाचाच आकार असतो. हार्डडिस्क मात्र मुकी असते, आणि एक दिवस काही न सांगता बंद पडते. म्हणून डिजिटल केल्यावर मूळ टेप फेकून देणाऱ्यांशी माझं तितकंच भांडण आहे.

पण व्हॉयेजरची तबकडी निर्वात थंडीत आहे. आपल्या टेपा कोकणातल्या पावसाळ्यात आणि पुण्या-सोलापुरातल्या माळ्यांवर आहेत. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर गोंदात धरलेली चुंबकीय भुकटी. दमटपणानं तो गोंद सुटतो, पट्टी चिकट होते आणि यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या हेडवरून जाताना भुकटी खरवडली जाते. प्रत्येक वाजवणीत थोडं गाणं कायमचं जातं. वाजवणारी यंत्रंही संपत आली आहेत. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं काही वर्षांपूर्वीच जगाला सावध केलं होतं, की २०२५ च्या सुमारास टेप वाजवण्याची यंत्रं आणि सुटे भाग मिळेनासे होतील. मी माझ्या यंत्राचा रबरी रोलर गेल्या वर्षी तीन शहरांत शोधला.

थोर गवई भास्करबुवा बखल्यांचा आवाज आपल्याकडे नाही. ते १९२२ मध्ये गेले आणि मागे एकही तबकडी राहिली नाही. त्यांच्या शिष्यांच्या आठवणींवर आपण भागवतो. ज्यांचा आवाज टेपेवर आहे, त्यांचीही उद्या हीच गत होऊ द्यायची का? गावोगावच्या संगीत मंडळांत, गणेशोत्सवाच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी, वारलेल्या रसिकांच्या लोखंडी कपाटांत जे आहे ते कंपन्यांनी कधीच मुद्रित केलं नव्हतं. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत किंवा वीस मिनिटांच्या एलपीत न मावणारं, मोकळं, रात्रभराचं गाणं तिथेच आहे. ते एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर, पुण्याहून सांगलीला आणि सांगलीहून बेळगावला गेलं, आणि दर प्रतीला थोडं धूसर होत गेलं. डिजिटल प्रत हजाराव्या वेळीही पहिलीसारखीच निघते. या संगीतासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

राज्याच्या सांस्कृतिक खात्यानं निदान प्रत्येक विभागात एक असं केंद्र उभं करावं, जिथे चालू स्थितीतली यंत्रं आणि ती चालवू शकणारी माणसं असतील, आणि मंडळांना-कुटुंबांना मोफत टेपा उतरवून मिळतील. संग्रहांसाठी ठरलेला दर्जा निदान सेकंदाला ४८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटचा असा आहे, ९६ हजार असतील तर उत्तम. फाइल न छाटता ठेवावी. पहिली प्रत जशी निघाली तशी, खरखरीसकट. साफसफाई करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर आणि ज्याला तानपुरा ओळखता येतो अशा माणसाकडून. हेडचा कोन प्रत्येक टेपेगणिक जुळवावा, नाहीतर आवाज बसका निघतो आणि मग पुन्हा डिजिटलला शिव्या बसतात. प्रती तीन, तीन वेगळ्या जागी. मूळ टेप जपून. कामाला वेळ लागेल हे खरं, कारण एका तासाची टेप उतरवायला निदान एक तास लागतोच. हजार तासांचा संग्रह असेल तर रोज पाच तास बसून एका माणसाचे दोनशे दिवस जातात. पण हा खर्च एखाद्या महोत्सवाच्या मंडपापेक्षा मोठा नाही.

त्या सात स्पूलपैकी पाच उतरल्या. त्यांत स्टुडिओत तानपुरे पुसले गेलेल्या त्या आधीच्या दोन नव्यानं केल्या. सहावी लावली तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला ती किंचाळायला लागली, हेडवर तपकिरी पूड जमली, आणि मी यंत्र बंद केलं. आता ती हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर ठेवली आहे. खोक्यावर निळ्या शाईत लिहिलंय, "पहाट. ललत. तीन वाजता सुरू." गवयाचं नाव नाही. अशा टेपा सौम्य उष्णता देऊन काही काळापुरत्या वाजत्या करणारे एक जाणकार मुंबईत आहेत, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे जायचं आहे. त्यांनी फोनवर बजावलंय की बहुधा एकदाच वाजेल, तेव्हा उतरवून घ्यायची सगळी तयारी करूनच या.